न वाजणारा पंप

गिरणीचा संप चिघळला आणि परत कामावर घ्यायचं बोलावणं आलंच नाही, तेव्हा धाकू राणे लालबागची खोली पुतण्याच्या हवाली करून मुलुंडला मुलाकडे राहायला आले. उभा जन्म त्यांनी मागांच्या खडखडाटात काढला होता. त्यात कान गेले होते. साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, सगळे एकमेकांशी ओठांच्या हालचालीवरून आणि खुणांनीच बोलायचे, त्यामुळे समोर उभं राहून सावकाश बोललं की त्यांना कळायचं. पण तेवढं सावकाश बोलायला घरात कोणाला सवड नव्हती. मुलगा नंदू विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, सून वनमाला घाटकोपरच्या शाळेत शिकवायची.

म्हातारा दिवसभर नुसता भिंतीकडे बघत बसतो, हे नंदूला बघवेना. त्याने एका ओळखीच्या माणसाकडून जुना फिशटँक आणला. लोखंडी स्टँड, त्यावर काचेची टाकी, खाली गाळणीचा डबा. टाकीतलं जादा पाणी एका नळीने खालच्या डब्यात उतरायचं, रेती-कोळशातून गाळलं जायचं आणि डब्यातला छोटा पंप ते पुन्हा वर ढकलायचा. वरच्या पाइपातून पाण्याची धार टाकीत पडायची.

म्हाताऱ्याला जीव मिळाला. दर रविवारी तो पंप काढून आतला पंखा जुन्या टूथब्रशने घासायचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून हे काम तो गॅलरीतल्या उजेडात बसून करायचा. आणि सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, स्टँडच्या फळीवर तळहात ठेवून उभा राहायचा. फळी थरथरत असली म्हणजे पंप चालू. मग टाकीवर बोटाने टकटक करून माशांना मालवणीत काहीतरी सांगायचा.

पंपाचा आवाज होता, हे खरंच. भुंगा काडेपेटीत कोंडावा तसा. भिंतीपलीकडे श्यामकांत वैद्य राहायचे, बँकेतून रिटायर झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. एकदा जिन्यात त्यांनी नंदूला गाठलं.

"राणे, तुमचे वडील गिरणी सोडून आले की गिरणी बरोबर घेऊन आले?"

दोन बिऱ्हाडांची माणसं जिन्यात होती. ती हसली. नंदूही हसला. घरी येऊन मात्र वनमालाला म्हणाला, "आज तो आवाज बंद झालाच पाहिजे. कसंही कर, पण बंद."

"मी काय करू? मला पण डोकं धरायची पाळी येते. पेपर तपासता येत नाहीत. बाबांना सांग ना."

"त्यांना काय सांगू? ओरडून सांगायचं म्हणजे वैद्यांना सगळं ऐकू जाणार."

योग असा, की लालबागच्या एका सोबत्याच्या बाराव्याला म्हणून धाकू गेले आणि रात्री पुतण्याकडेच राहिले. नंदूने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पंप खोलला. पंखा स्वच्छ होता. खालच्या डब्यात पाणी कमी होतं म्हणून पंप मधूनमधून हवा ओढत होता. त्याने पाणी वाढवलं. घुरघुर थांबली, घरघर राहिली. मग त्याने पाइपाला हात लावला आणि त्याच्या लक्षात आलं. कडक पाइप क्लँपने थेट भिंतीला आवळला होता. पंपाची थरथर त्यातून वैद्यांच्या उशाशी जात होती. त्याने क्लँप उपटला, पाइप काढून जाड रबरी नळी बसवली, पंपाखाली जुन्या स्लिपरचे तळ कापून ठेवले. उरला धारेचा खळखळाट. त्यासाठी नळीचं तोंड त्याने टाकीच्या पाण्यात खोल, पार रेतीपर्यंत सोडलं.

पंप चालू केला. वनमाला बाहेर आली. "चालू आहे? झकास रे!"

संध्याकाळी धाकू परतले. नंदू पेपर वाचत होता. पंपाचं काम केलंय एवढं सांगायचं होतं, पण जेवणं झाली, बातम्या झाल्या, राहून गेलं.

सकाळी नंदू-वनमाला घाईत बाहेर पडले आणि म्हाताऱ्याने फळीवर हात ठेवला. फळी थंड, निश्चल. वर बघितलं तर धार नाही. बटण खालीवर केलं, काही फरक नाही. पंप गेला, मासे गुदमरणार, हे त्याला लख्ख दिसलं. त्याने पिन काढली, पंपाची नळी सोडवली आणि पंप घेऊन गॅलरीत जाऊन बसला. आजवर नळी सोडवली की थेंबभर पाणी गळायचं, एवढंच. वरचं तोंड पाण्याबाहेर असायचं ना. आता ते तळाशी होतं. त्याच्या पाठीमागे टाकी त्याच नळीतून खालच्या डब्यात आणि डबा भरून जमिनीवर रिकामी होत राहिली.

दाराखालून पाणी पॅसेजमध्ये आलं तेव्हा वैद्यांनी बेल वाजवली, दार ठोकलं, लाथा मारल्या. शेवटी त्यांनी नंदूच्या कारखान्यात फोन केला.

नंदूने किल्लीने दार उघडलं. हॉलभर पाणी पसरलेलं. टाकीच्या तळाशी गोल्डफिश रेतीवर आडवे झाले होते, एकाचा कल्ला अजून हलत होता. गॅलरीत म्हातारा पुन्हा जोडलेला पंप मांडीवर घेऊन बसला होता. नंदूची सावली पडली तेव्हा त्याने वर पाहिलं.

"पंप बरो आसा रे. माका वाटला बंद पडलो."

मग त्याची नजर नंदूच्या मागे गेली.

वनमाला शाळेतून आली तोवर वैद्य दारात उभे राहून सोसायटीच्या भिंतींबद्दल बोलत होते. तिने पदर खोचला, फडकं घेतलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडासमोर उभी राहून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तुम्हाला, स्वस्थ, बसता, येत, नाही?"

इतकं सावकाश ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

नंदूला नळीचं ते तोंड दिसत होतं, रेतीला टेकलेलं. ते कोणी सोडलं हे त्या घरात फक्त त्यालाच ठाऊक होतं. "म्हातारा माणूस आहे, वैद्यसाहेब," तो म्हणाला. "चुकतं. मी लक्ष ठेवीन."

धाकूंनी मेलेले मासे ताटलीत गोळा केले आणि खाली जाऊन गुलमोहराच्या मुळाशी पुरले. त्या आठवड्यात ते म्हणाले, मी गावाक जातंय. नंदूने एकदा "कशाला?" म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. कणकवलीच्या एसटीचं तिकीट त्यानेच काढलं. टाकी भंगारवाल्याने नेली. त्या जागी रंगीत टीव्ही आला आणि वैद्य रविवारी सकाळी तो बघायला येऊ लागले.

गणपतीला नंदू एकटाच गावी गेला. पंगतीला भावकी बसली होती. कोणीतरी धाकूंना विचारलं, मुंबई का सोडली? म्हातारा हसला आणि मोठ्या आवाजात, बहिरी माणसं बोलतात तसा, सगळी गोष्ट सांगू लागला. पंप चालूच होता तरी आपण कसा खोलला, झिलाच्या घरात कसं पाणी केलं, बिचारे मासे कसे मारले.

"पण माझो झील," नंदूच्या पाठीवर हात ठेवत तो म्हणाला, "माका एक शब्द बोलूक नाय."

सगळ्यांनी नंदूकडे कौतुकाने पाहिलं. नंदूने पानातला मोदक फोडला आणि त्यावर तूप वाढून घेतलं.