गुणाजींचा राग

श्रेयाच्या मशीनला माणसाच्या पाच भावना ओळखता येत. मनगटावरचा पट्टा नाडी, घाम आणि कातडीची ऊब मोजायचा आणि मोबाइलवर निकाल लावायचा. मशीनची शिकवणी ऑफिसातच झाली होती. रागाचे नमुने हवेत म्हणून सहकाऱ्यांना ग्राहक सेवा केंद्राला फोन लावायला बसवलं. भीतीसाठी साहेब एकेकाला फक्त ‘जरा केबिनमध्ये ये’ म्हणाले. आनंदाचे नमुने कमी पडले, ते कॅन्टीनमधून आणले.

मग तिने पट्टा बाबांना बांधला. अर्धांगाच्या झटक्यात गुणाजींची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. लालबागच्या खोलीत ते छताकडे बघत पडून असत आणि त्यांना काय हवं, काय नको, हे घरात मतदानाने ठरे. डॉक्टर म्हणाले होते, मन राखा, पोटात अन्न जाऊ द्या, तरच उठतील.

पट्ट्याने लगेच गुन्हेगार पकडला. संध्याकाळी शामराव आले की मोबाइलचा पडदा लाल. राग.

शामराव परळचे, गुणाजी लालबागचे. तरुणपणी कबड्डीच्या एका फायनलला गुणाजींचा पाय रेषेबाहेर गेला होता की नाही, हा वाद दोघांनी आजवर जपून ठेवला होता. आता एकाची वाचा गेली म्हणून तो बंद करणं शामरावांना बरं दिसेना. ते दोन्ही बाजू स्वतःच मांडत.

“गुण्या, पाय भायर होतो तुझो! काय म्हणतंस? पंच आंधळो? मेल्या, पंच तुझोच मावसभाव!”

श्रेयाने त्यांना जिन्यात गाठलं. “शामकाका, उद्यापासून नका येऊ. बाबांना त्रास होतो. मशीन सांगतंय.”

“तुझा मशीन लालबागचाच असतला,” एवढं बोलून शामराव जिना उतरले.

त्यानंतर पडदा हिरवा झाला तो हिरवाच राहिला. शांत. ऑफिसात आलेख बघून टाळ्या पडल्या. घरी मात्र गुणाजींनी तोंड उघडणं सोडलं. पेजेचा चमचा ओठांशी नेला की पेज हनुवटीवरून परत येई.

“बाबा, एक घास. माझ्यासाठी.”

गुणाजी छताकडे बघत राहिले. शांत, अठ्ठ्याण्णव टक्के.

श्रेयाने पट्टा सोडला आणि काय मनात आलं कोण जाणे, शेजारच्या उशीला बांधला. उशीही शांत होती. अठ्ठ्याण्णव टक्के.

ती तशीच उठून परळला गेली. शामरावांनी दार अर्धंच उघडलं.

“काका, बाबांचं म्हणणं आहे, फायनलच्या आधी तुम्ही पंचाला भजी खाऊ घातली होती.”

“असा म्हणता तो?” शामरावांनी चपला घातल्या.

ते खोलीत शिरले ते ओरडतच. “भजी? मेल्या, ती माझ्या पैशाची होती, आणि मी एकट्यान खाल्लंय!” गुणाजींची मान लाल झाली. डावी मूठ खाटेवर आदळली. काहीतरी जबर सुनावायला त्यांनी तोंड उघडलं, शब्द आला नाही, आणि तेवढ्यात श्रेयाने चमचा आत सारला. त्यांनी गिळलं. रागातच गिळलं.

पट्टा पुन्हा मनगटावर होता. मोबाइलने नम्रपणे विचारलं, ‘राग. अंदाज बरोबर आहे का?’

श्रेयाने ‘हो’ दाबलं. मशीनची चूक नव्हतीच. राग कमी करायचा, हे तिचं तिनेच ठरवलं होतं.

शामराव दमून खुर्चीत बसले. गुणाजींचं तोंड मिटायला लागलं.

“थांबू नका काका,” ती घाईने म्हणाली, “अजून अर्धी वाटी आहे.”