मापताईंच्या नावावर

आमच्या केंद्रातून आजारी माणसांना लागणारं सामान उसनं मिळतं. चाकाची खुर्ची, वॉकर, वरखाली होणारी खाट, कमोडची खुर्ची. गरज संपली की परत आणून द्यायचं. माझं काम संगणकाचं. लोकांच्या मागण्या ज्या वेबसाइटवर नोंदवल्या जातात ती आम्ही तयारच विकत घेतली आहे, पण तिचे फॉर्म आमच्या सोयीप्रमाणे बदलून द्यायचं काम माझ्याकडे. कोणता रकाना दाखवायचा, कोणता लपवायचा, काय भरल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही, यादीत कोणाची नावं यायची, कोणती मागणी कोणाकडे जायची, एवढं माझ्या हातात.

माझी बायकोही याच केंद्रात होती. ती घरोघर जाऊन मापं घ्यायची. खुर्ची कितीही चांगली असली आणि दारातून आत गेली नाही, तर तिच्यावर फक्त कपडे वाळत घालता येतात, असं ती म्हणायची. तिच्या पर्समध्ये कायम शिवणकामाची टेप. म्हणून सगळे तिला मापताई म्हणायचे, संचालकबाईसुद्धा. बाहेरच्या लोकांनाही तेच नाव माहीत होतं, म्हणून फॉर्मच्या यादीत मी तेच घातलं होतं.

मी पहिला फॉर्म केला तेव्हा कौतुकानं तिला दाखवला. नाव, वय, पत्ता, आजार, सगळं होतं. ती जेवता जेवता म्हणाली, "अहो, माणूस आहे, आजार आहे, पण दार कुठाय?" दुसऱ्या दिवशी मी 'दाराची रुंदी' हा रकाना घातला आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही असं केलं. तर तीच म्हणाली, फोनवर मागणी घेणाऱ्या मुलीला कोणाच्या दाराची रुंदी कशी कळणार, ती मनाला येईल ते ठोकून देते. मग तो रकाना भेटीच्या फॉर्मवर गेला. माझ्या प्रत्येक सुधारणेवर तिची एक सुधारणा असायची. घरी तिच्या भाजीतल्या मिठाला मी नावं ठेवायचो, त्याचं उट्टं ती इथे काढायची.

घरोघर जाणारी माणसं तीन. ही, दाढी आणि मावशी. दाढी म्हणजे आमचा एक दाढीवाला सहकारी, मावशी वयानं मोठ्या. जवळची घरं मावशींना आणि जिन्याची घरं मला, अशी दाढीची रोजची कुरकुर. ती मिटवायला मी एक नियम लावून दिला. नवी मागणी आली की ज्याच्याकडे सगळ्यांत कमी काम शिल्लक असेल त्याच्याकडे ती आपोआप जाईल. शिवाय ज्याला त्याला फक्त आपापलीच यादी दिसेल, म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावायला नको. भांडणं थांबली. मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं.

ही गेली त्याला आता काही महिने झाले. आजार थोडक्यात आटोपला. केंद्रातली खाट घरी आणायचं ठरवत होतो, तेवढ्यात सगळं संपलं.

मी कामावर परत आलो तेव्हा संचालकबाई म्हणाल्या की मापताईंकडचं काम दोघांत वाटून दिलंय, तुम्ही तेवढं यादीतलं नाव काढा. मी हो म्हणालो. तिचं पान उघडलं. नाव, फोन, आणि खाली 'कार्यरत' असा एक चौकोन, त्यात बरोबरची खूण. ती खूण काढायची, झालं. नाव पुसलं जात नाही. जुन्या नोंदींवर ते तसंच राहतं, फक्त नव्या यादीत येत नाही. नोकरी सोडून गेलेल्या कितीतरी लोकांच्या खुणा मी चहा पिता पिता काढल्या आहेत. त्या दिवशी मला ते जमलं नाही. मी पान बंद केलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, झालं का? मी म्हणालो, झालं.

राहिलं नाव तर कोणाचं काय जातंय, असं मला वाटलं. सकाळी फॉर्म उघडला की यादीत दाढी आणि मावशी यांच्या मध्ये तिचं नाव दिसायचं. बरं वाटायचं. नियमाचा विचार माझ्या डोक्यातही आला नाही.

मग एक दिवस एका म्हाताऱ्या शिंप्याची, शिंपीकाकांची, सून केंद्रात आली. आवाज न चढवता बोलत होती, त्यामुळे सगळे ऐकायला लागले. तिच्या सासऱ्यांच्या पायातली ताकद गेली आहे. दोन खोल्यांमधलं दार अरुंद, म्हणून अरुंद खुर्ची मागितली होती. मागण्या घेणाऱ्या आमच्या नव्या मुलीनं, जिनं मापताईला कधी पाहिलंच नव्हतं, पडद्यावर बघून फोनवर सांगितलं होतं की तुमचं काम मापताईंकडे दिलंय. शिंपीकाका त्यावर निश्चिंत झाले. पूर्वी वॉकर द्यायला मापताई त्यांच्याकडे जाऊन आलेली, तेव्हापासून त्यांचा तिच्यावर विश्वास. सून म्हणत होती दुसरीकडे चौकशी करू, तर त्यांनी करू दिली नाही. ती आणि तिचा नवरा त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून या खोलीतून त्या खोलीत ओढत नेत होते. आदल्या दिवशी त्या खुर्चीचा पाय मुडपला आणि म्हातारा खाली आला. उजव्या हाताला प्लास्टर आहे.

बाईंनी तिला बाकावर बसवलं आणि मला व दाढीला आत बोलावलं. त्यांनी नोंद उघडली. मागणी कोणत्या तारखेची ते त्यांच्या पडद्यावर दिसत नाही. जागा पुरत नव्हती म्हणून तो रकाना मीच लपवला होता.

"मापताईंच्या नावावर आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आजारपणात राहून गेलं असेल. आता गेलेल्या माणसाला काय बोलायचं."

दाढी म्हणाला, "मापताई काम असं टाकून जाणारी नव्हती. दवाखान्यातून फोन करून मला पत्ते सांगत होती ती."

तो माझ्याकडे बघत होता. नवऱ्यानं काहीतरी बोलावं, एवढंच त्याच्या मनात असेल. पण चोराच्या मनात चांदणं. घोडं कुठे पेंड खात होतं ते मला त्या क्षणी लख्ख कळलं होतं.

बाई मला धीर देत म्हणाल्या, "माणूस आहे. एखादं राहतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आणि मी मान हलवली. जिनं आयुष्यात कोणाला ताटकळत ठेवलं नाही तिच्यावर खापर फुटत होतं, आणि मी, तिचा नवरा, मान हलवून ते फुटू दिलं.

जागेवर येऊन तिची यादी उघडली. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. तिचं काम वाटून दिल्यावर तिच्याकडे शिल्लक काही उरलं नव्हतं. म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे सगळ्यांत कमी काम तिचं. म्हणून ज्या मागण्या आल्या त्या तिच्याकडे गेल्या. दाढी आणि मावशींच्या बरोबरीनं तिच्याकडे साचल्यावर नियमानं तिला देणं थांबवलं आणि पुढच्या मागण्या त्या दोघांकडे सुरळीत जायला लागल्या. म्हणूनच कोणाला काही कळलं नाही. तिच्याकडे अडकलेले लोक तेवढे अडकूनच राहिले. प्रत्येकासमोर लाल अक्षरात 'उशीर', आणि त्यापुढे मापताई. ते लाल अक्षरही मीच बसवलेलं, ज्याच्या त्याच्या यादीतच दिसेल असं.

मी एकेकाला फोन लावले. एकानं स्वतःच वॉकर विकत आणला होता. दोघं अजून थांबले होते आणि चिडले होते. खाट मागितलेल्या एका बाईंनी सांगितलं, आता नको, लागणार नाही. का, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. आमच्याही घरी खाट अशीच लागली नव्हती.

मग मी गोदामातून वेगवेगळ्या मापांच्या दोन अरुंद खुर्च्या काढून केंद्राच्या गाडीत घातल्या. हिच्या टेबलावरचं सामान एका पिशवीत माझ्याच खणात पडून होतं. त्यातली टेप खिशात टाकली आणि सुनेला म्हणालो, चला.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खाट, तिच्यावर शिंपीकाका, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात. आतल्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन. मधल्या दारातून ते मशीन खाटेवरून दिसत होतं.

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. "मापताई नाही आल्या?"

मी नाही म्हणालो.

"त्यांना सांगा, शिंपी रागावलाय. त्यांच्यासाठी मी घरात भांडण काढलं. म्हटलं, बाई मापाची पक्की आहे, शब्दाचीही असेल. सून म्हणते ते खरं निघालं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात."

सुनेनं मला पाण्याचा पेला आणून दिला. तो हातात धरून मी विचार करत उभा राहिलो. ती आजारी होती एवढंच सांगितलं असतं तरी भागलं असतं. म्हातारा हळहळला असता, दोन चांगले शब्द बोलला असता. पण मग दोष तिचाच राहिला असता, फक्त वर दयेचं पांघरूण.

"काका, ती वारली," मी म्हणालो. "तुमचा फोन आला त्याच्या आधीच. तुमचं काम तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तिचं नाव यादीतून काढायला मला सांगितलं होतं. मी काढलं नाही, आणि काढलं म्हणून सांगितलं. म्हणून संगणकानं तुमची मागणी तिच्याकडे पाठवली."

सून म्हणाली, "म्हणजे इतके दिवस आम्ही मेलेल्या बाईची वाट बघत होतो?"

"हो."

"आणि तुमच्या ऑफिसात कोणाला पत्ता नाही?"

"नाही. माझ्यामुळेच नाही."

शिंपीकाकांनी सुनेला खुणेनं थांबवलं. मग त्यांनी विचारलं, "नाव का नाही काढलंत?"

"मी तिचा नवरा."

डाव्या हातानं त्यांनी प्लास्टर जरा वर सरकवलं.

"हात उजवा आहे," ते म्हणाले. "पाय गेले तेव्हा म्हटलं, हातानं चालवायचं मशीन घेऊ, हात तर आहेत." मग म्हणाले, "दार मोजा."

मी टेप काढली. दार मोजणं यात काय मोठंसं, पण मला ती नीट धरता येईना. छातीच्या उंचीवर लावली तर काकांनी खाटेवरून सांगितलं, "खाली धरा. चाक खाली असतं." मी गुडघ्यावर बसलो. खाली चौकट फुगली होती, तिथे दार आणखी अरुंद भरलं. पहिली खुर्ची गेली नसती. दुसरी गेली असती, दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून.

सुनेनं आणि मी मिळून त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. ती त्यांना ढकलत दारातून आत घेऊन गेली. कुठेही घासलं नाही. मशीनपाशी थांबल्यावर त्यांनी डावा हात मशीनच्या चाकावर ठेवला, ते एकदा फिरवलं. सुईत दोरा नव्हता, नुसतीच वरखाली झाली.

"मी त्या बाईंना सुनेसमोर नावं ठेवली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "सुनेसमोरच परत घेतो. त्यांचा काही दोष नव्हता." मग म्हणाले, "हे तुमच्यासाठी नाही म्हणत."

मी समजलो म्हणालो. ते बरोबरच होतं.

परत येऊन मी संचालकबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या की सकाळी मी तुमच्यासमोर तिला बोलले, तुम्ही मला बोलू दिलंत. हे दाढीलाही सांगा, त्या म्हणाल्या, कारण तो तिच्या बाजूनं बोलला होता. मी दाढीला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. माझ्याशी तो एरवी चार चेष्टा केल्याशिवाय राहत नाही, त्या दिवशी एकही केली नाही.

मग मी कामाला बसलो. आधी घरोघर जाणाऱ्यांच्या यादीत स्वतःचं नाव वाढवलं, 'संगणकवाले' असं. तिच्या नावावर अडकलेली सगळी कामं माझ्याकडे वळवली. त्यांच्याबरोबर लाल अक्षरंही आली. उशीर, संगणकवाले. उशीर, संगणकवाले. जी खाट आता लागणार नव्हती तिची नोंद बंद करताना फॉर्म कारण विचारतो. 'पत्ता सापडला नाही', 'सामान शिल्लक नाही', 'मागणी रद्द', एवढीच कारणं यादीत होती. मीच घातलेली. मी त्यात 'आमची चूक' हे कारण वाढवलं आणि तेच निवडलं. बाईंच्या पडद्यावर तारखेचा रकानाही परत दिसेल असा केला.

शेवटी तिचं पान उघडलं. खूण काढली. तिचं नाव फिकट झालं, बाकी पान तसंच राहिलं. मी शिंपीकाकांच्या वॉकरची जुनी नोंद काढून बघितली. भेट दिली: मापताई. दाराची रुंदी भरलेली, आणि पुढे तिनं शेऱ्यात लिहिलं होतं, चौकट खाली फुगलेली आहे, पुढे खुर्ची लागली तर खालून मोजावं. ही नोंद मी निघण्याआधी वाचली असती तर काकांना मला खालून मोजायला सांगावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी माझ्या टेबलापाशी आला. यादीत माझं नाव त्यानं बघितलं होतं.

"जिन्याची घरं तुम्हाला," तो म्हणाला. "टेप आहे का?"

"आहे," मी म्हणालो, आणि थांबलेल्या दोघांपैकी पहिल्याला फोन लावला. काल त्याला खरं कारण सांगितलं नव्हतं. पलीकडच्या माणसानं विचारलं, मापताई कधी येणार? मी म्हणालो, त्या येणार नाहीत, आज मी येतोय, आणि उशीर माझ्यामुळे झालाय.