सिद्धोधनची चिठ्ठी

राजेश्रीबाईंना शाळेतून फोन आला त्या दिवशी त्यांनी दोनदा भाजी करपवली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत शाळेनं त्यांना एकदासुद्धा हाक मारली नव्हती. आणि फोन कुणाचा, तर सिद्धोधनचा. त्यांच्याच हाताखाली सातवी शिकलेला पोरगा आता त्याच शाळेचा मुख्याध्यापक होता.

“बाई, तो गेरूचा तास पुन्हा घ्यायचाय,” तो म्हणाला. “आमच्या पोरांनाबी कळू द्या. तुमीच या.”

गेरूचा तास म्हटल्यावर बाई घरात थांबतात होय? पोखर्णीच्या रस्त्याला लागल्यापासून त्यांनी ऑटोवाल्याचं डोकं खाल्लं. नोकरीत हजारो तास घेतले, पण मिरवावा असा तो एकच. लेकीच्या लग्नात व्याह्यांना सांगून झाला होता, दवाखान्यात सलाईन चालू असताना नर्सला सांगून झाला होता. ऑटोवाला तर बिचारा सुटणारच नव्हता.

तीस वर्षांमागची गोष्ट. सातवीच्या वर्गात परदेशातल्या काळ्या माणसांचा विषय निघाला होता. त्यांना बसमध्ये मागं बसावं लागायचं, गोऱ्यांच्या नळावर पाणी पिता यायचं नाही, असं बाईंनी सांगितलं, तर अख्खा वर्ग हसला. “ते लोक येडे हायेत का बाई?” भागवत म्हणाला. हा भागवत मेंढरं राखणाऱ्या किशनरावांचा पोरगा. बाईंना त्या हसण्याचा असा राग आला म्हणता. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी काही माणसांना पाणी वरून ओतायची रीत होती. आणि खोटं कशाला बोला, बाईंच्या माहेरीसुद्धा होती. शेतावर कामाला येणाऱ्या कासाबाईच्या ओंजळीत लांबून पाणी ओतायचं काम लहानपणी त्यांच्याकडंच असायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भागवतला घरून गेरूचा खडा आणायला लावला. आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून पाठीवर खूण करतात, तो. एका पिशवीत चिठ्ठ्या टाकल्या, निम्म्या कोऱ्या, निम्म्यांवर फुली. फुली निघाली की मनगटावर गेरू. गेरूवाल्यांनी दिवसभर दाराशी जमिनीवर बसायचं, रांजणाला हात लावायचा नाही. तहान लागली तर ओंजळ धरायची, कोऱ्या चिठ्ठीवाला वरून ओतेल.

मार्चचं ऊन, वर पत्रे. दुपारपर्यंत कुणाच्या तोंडावर हसू राहिलं नाही. शेवटी बाईंनी एकेकाला विचारलं, “कसं वाटलं?” भागवत तर ढसाढसा रडला. शालू नावाची एक गरीब गाय पोरगी होती, ती म्हणाली, “निम्मं पाणी कोपरावरून गेलं बाई. तहान तशीच हाय. पण अजून मागायला जीभ उचलंना.”

शालूच्या त्या बोलण्यावर बाईंचा भारी जीव होता. गोष्ट सांगताना त्या तिथंच थांबत, डोळ्याला पदर लावत. ऑटोतसुद्धा लावला.

शाळा अजून तिथंच होती. पूर्ण्याच्या रेल्वे स्टेशनातून कुणीतरी आणून दिलेला रुळाचा तुकडा लिंबाला टांगलेला होता, घंटा म्हणून. बाईंनी येता येता त्याला दगड लावून बघितला. आवाज तोच निघाला. खिचडीचा वास तेवढा नवा. व्हरांड्यातला रांजण गेला होता, आता पोरांच्या हातात ज्याची त्याची बाटली.

सिद्धोधन धावत आला, पाया पडला. कानावरचे केस पिकलेले, पण हसणं तेच. कार्यालयात चहा आला.

“तुझ्या लक्षात आहे ना रे, शालू काय म्हणाली होती?” बाईंनी सुरुवात केली.

“सगळं लक्षात हाय.” सिद्धोधननं कप खाली ठेवला. “माझ्या चिठ्ठीवर काय निघालं होतं, आठवतंय का बाई?”

बाई आठवू लागल्या. भागवतची फुली, शालूची फुली, रामहरीची कोरी. सिद्धोधनची?

“मी काढलीच न्हाई,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “पिशवी माझ्यापशी आली आन् तुमी पुढं नेली. ‘तू राहू दे,’ म्हणालात. ‘तुला तर ठाऊकच आहे.’”

बाईंना सगळं आठवलं. ज्यांना गावात पाणी वरूनच ओतायचे त्यांच्या घरातलं ते लेकरू, त्याला पुन्हा ओंजळ काय धरायला लावायची? बाईंचा जीव धजला नव्हता.

“अरे, तुला त्रास नको म्हणून...”

“माया होती तुमची, मला काय कळत न्हाई का? म्हणून तर कधी बोललो न्हाई. पण त्या दिवसापस्तोर मी नुसता सिद्धोधन होतो बाई. चिंचेवर समद्यात उंच चढणारा. तुमी पुढं गेलात आन् सगळा वर्ग वळून माझ्याकडं बघायला लागला. सगळे खेळले, सगळे रडले. मी एकटा बाजूला. मला कसं वाटलं ते कुणी इचारलंबी न्हाई.”

बाईंच्या चहावर साय धरली. त्यांना लाज वाटली, साधीसुधी नाही, उठून तडक घर गाठावं अशी. व्याही, नर्स, ऑटोवाला, सगळ्यांना सांगितलेल्या गोष्टीत हा पोरगा कधी नव्हताच. आणि तो नाही हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“मग मला बोलावलंस कशाला?” त्यांनी विचारलं.

“तास चांगलाच होता की. आता वरून कुणी ओतत न्हाई, पण परवा एक पोरगी मैत्रिणीच्या बाटलीतून पाणी प्याली, तर मैत्रिणीनं बाटलीच नालीत फेकली. का फेकली ते सांगंना. ह्या पोरांना तास पायजेच.” तो जरा हसला. “आन् माझी चिठ्ठी राहिलीय. चला, पोरं वाट बघायलेत.”

वर्गात कुणाच्या तरी घरून आणलेला रांजण ठेवला होता. गेरूचा खडा भागवतनंच पाठवला होता, त्याची मेंढरं अजून होती. बाई पिशवी घेऊन फिरल्या. या खेपेला एकही बाक सोडला नाही. शेवटी सिद्धोधननं हात घातला, चिठ्ठी उलगडली. फुली. सातवीतल्या पोरासारखं हसून त्यानं मनगट पुढं केलं. बाईंनी त्यावर गेरू लावला.

मग त्यानं पिशवी त्यांच्याच पुढं धरली. “आता तुमी.”

“मी?”

“त्या दिवशी दोघांनी चिठ्ठी काढली नव्हती बाई.”

बाईंनी काढली. फुलीच. सिद्धोधननं त्यांच्या मनगटावर बोट फिरवलं, दाराशी जाऊन बसला आणि सरकून त्यांना जागा केली. गुडघ्यांना शिव्या देत बाई जमिनीवर टेकल्या.

तासाभरात त्यांच्या घशाला कोरड पडली. कोऱ्या चिठ्ठीची दिपाली तांब्या घेऊन आली. बाईंनी ओंजळ धरली. दिपालीनं उंचावरून धार सोडली. रांजणाचं गार पाणी, चव तीच जुनी, पण निम्मं मनगटावरचा गेरू घेऊन कोपराकडं गेलं आणि धार थांबली. बाईंची ओंजळ तशीच राहिली. कासाबाईसुद्धा धार थांबल्यावर क्षणभर अशीच ओंजळ धरून राहायची, मग मुकाट्यानं हात पुसायची. तिची तहान भागली असंच बाई आजवर समजत आल्या होत्या.

त्यांनी हात खाली घेतले. दिपाली पुढच्या पोराकडं वळली.

“दिपाली, बाईंना अजून पाणी दे,” शेजारून सिद्धोधन म्हणाला. “त्या मागणार न्हाईत. मला ठाऊकच हाय.”