ओफोरिवाचा विमा

पहाटेच्या शांत घरात चपला वाजल्या. एक पाऊल टपकन पडत होतं, दुसरं फरफटत येत होतं. लेकीच्या वेण्या घालता घालता सेरवाचे हात थांबले.

“आई, इथं बस. पाय दाखव बघू.”

“सकाळी सकाळी माझ्या पायांचं काय काढलंस?” ओफोरिवा कुरकुरली, पण बसली. अंगठ्याखालचं मांस जळलं होतं. मासे धुरावर सुकवताना भट्टीतला निखारा चपलेत शिरला असावा आणि तिला ते कळलंही नव्हतं. साखरेच्या आजारानं त्या पायातली जाणीवच नेली होती. सहा वर्षांची आदोमा वाकून जखमेवर फुंकर घालू लागली. आजीला तीही कळली नाही.

त्याच रविवारी, चर्चहून आल्यावर, आंब्याखाली घराण्याची बैठक बसली. महिन्याच्या वर्गणीतून ओफोरिवासाठी एक विमा घ्यायचा होता. दोन घेण्याची ऐपत नव्हती. अमान्क्वा मामा मधल्या खुर्चीत बसले. आईकडच्या घराण्यात शेवटचा शब्द मामाचाच.

एजंटनं दोन्ही विमे समजावून सांगितले. पहिला आजारपणाचा. पण साखर आधीपासूनच असल्यामुळे पहिलं वर्षभर साखरेच्या दुखण्याचा खर्च त्यातून मिळणार नव्हता. त्यानंतर मिळणार होता, अगदी शस्त्रक्रियेचासुद्धा. दुसरा अंत्यविधीचा. त्याला ना वयाची अट, ना दुखण्याची चौकशी. मंडप, पेटी, बँड, पाहुण्यांचं जेवण, सगळं त्यात.

“वर्षभर नुसतेच पैसे भरायचे?” मामा म्हणाले. “हा कसला विमा?”

“आज सुरू केलं तर पुढच्या वर्षी ते वर्ष सरेल, मामा,” सेरवा म्हणाली. “नाही केलं तर कधीच सरणार नाही.”

“कपडे शिवता शिवता आमची पोरगी डॉक्टरीण कधी झाली?” मामांनी विचारलं, तशा बाया हसल्या. मग मामांनी तिला समजुतीनं सांगितलं, की दुखणंखुपणं ज्याचं त्याची मुलं बघतात. घराण्यानं बघायचं ते शेवटचं पोहोचवणं. गेल्या वर्षी पलीकडच्या घराण्यानं आपल्या म्हातारीला कसं पोहोचवलं, हे अजून बाजारात बोललं जातं.

सेरवानं आईकडे पाहिलं. पाय आईचा होता. तिनं एक शब्द बोलावा, म्हणजे झालं.

ओफोरिवानं पाय लुगड्याखाली ओढून घेतला. जन्मभर ती बाजारात मासे विकत बसली होती, आणि एवढी माणसं तिच्या मताची वाट बघत थांबलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

“दुसरा घ्या,” ती म्हणाली. “माझ्या बरोबरीच्या सगळ्या मोठ्या मंडपातून गेल्या. मीच तेवढी चोरासारखी जाऊ? आणि पायाचं काय घेऊन बसलात, तिकडे चालत थोडीच जायचंय!”

सगळे पोट धरून हसले. एजंटनं तिचा अंगठा घेतला.

त्या घरात दुष्ट कोणी नव्हतं. ओफोरिवाला सणाला नवं कापड मिळे, जेवणात माशाचा चांगला तुकडा मिळे. फक्त तिच्या दुखण्याला घराण्यात जागा नव्हती. सेरवा शिवणातून उरेल त्यात पट्ट्या आणि गोळ्या आणत असे. जखम भरे, पुन्हा उघडे. आई वास लपवायला पायाला निलगिरी चोळी आणि लेकीला सांगे, बरं वाटतंय.

दुसऱ्या वर्षीचा पाऊस सरता सरता पाय काळा पडला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, गुडघ्याखाली कापला तर वाचेल, पण उशीर नको. सेरवानं मशीन विकलं. तेवढ्यानं भागेना, म्हणून ती मामांच्या दारात गेली. मामा रडले. पण वर्गणीला हात लावला नाही; तसं कधी झालंच नव्हतं. आजारपणाचा विमा घेतला असता तर त्याचं ते वर्ष केव्हाच सरलं असतं. विष रक्तात भिनलं आणि ओफोरिवा गेली.

मग पाहुण्यांसाठी घर रंगवून होईपर्यंत तिला शवागारात ठेवलं. चौकाचौकात तिचे फोटो लागले. दवाखान्यात यायला ज्यांना सवड नव्हती, ते परदेशातून तिकिटं काढून आले. एजंटनं शब्द पाळला. अंत्यदर्शनासाठी सोनेरी पलंगावर, विणलेल्या रेशमी कापडात ओफोरिवा राणीसारखी झोपली होती, आणि भोंग्यावरून मामा आहेर करणाऱ्यांची नावं पुकारत होते.

मंडपाच्या कडेला एजंटनं अंत्यविधीच्या विम्याचं टेबल मांडलं होतं. काठ्या टेकत म्हाताऱ्या रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे अफ्राकोमा मावशी, ओफोरिवाची धाकटी बहीण. तिलाही साखर होती. तिनं अंगठा शाईत बुडवला.

सुतकात बसलेल्या लेकीनं जागचं उठायचं नसतं. सेरवा उठली. सगळ्यांच्या देखत चालत गेली आणि तिनं मावशीचं मनगट धरलं.

“मावशी, साखर शेवटची कधी तपासलीस?”

“आजच्या दिवशी हे विचारतात का गं?”

“आजच विचारायचं. आईला मी घरात विचारत राहिले, चारचौघांत भांडले नाही. हा विमा तुला घेऊ देणार नाही. उद्या माझ्याबरोबर चल, आजारपणाचा घेऊ. त्याचं वर्ष उद्यापासून मोजायला लागू दे.”

भोंगा गप्प झाला. मामा खुर्चीतून अर्धवट उठले. मावशीनं हात सोडवून घेतला नाही, पण तिची नजर पलंगावरून हलत नव्हती. त्या झालरींवरून, त्या गर्दीवरून.

आदोमाही तिकडेच बघत होती. तिनं आईचं सुतकाचं काळं-तांबडं कापड ओढलं.

“आई, आजीला हे सगळं खूप आवडलं असतं, ना?”