अडखळणारं चित्र

तिने ब्राउझरच्या सेटिंगमधलं ते बारीकसं बटण सरकवून चालू केलं, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला आणि बाबांना परत व्हिडिओ कॉल लावला.

कित्येक दिवस हे दुखणं चालू होतं. कॉल लागला की आई-बाबा दोघंही धक्के खात बोलायचे. आई खुर्चीतून उठायला लागायची ती एकदम उभीच दिसायची. बाबांचा चहाचा कप तर तोंडापर्यंत पोचेस्तोवर दहा ठिकाणी थांबायचा. दोष तिच्या लॅपटॉपचा, हा निकाल बाबांनी पहिल्याच दिवशी देऊन टाकला होता. ते डबडं भंगारात घाल, असं दर खेपेला सुनवायचे, आणि तीही हसून सोडून द्यायची. शेवटी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याने तिला चांगलं झापलं. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद ठेवून बसलीयस, म्हणाला. व्हिडिओ उलगडायचं सगळं ओझं एकट्या प्रोसेसरवर, आणि ग्राफिक्सची चिप नुसती बसून खातेय. तिला कामाला लाव.

चिप कामाला लागली आणि काय सुरेख चित्र आलं! मागचा पडदा वाऱ्यावर संथ हलत होता. आई आली, तिने खुर्ची ओढली, बसली, सगळं सलग. एवढ्याशा बटणासाठी आपण इतके दिवस डोळे फोडून घेतले, असं तिने हसत हसत बाबांना सांगितलंही.

बाबांनी कप उचलला.

कप थरथरत होता. पडदा सलग, आई सलग, कप मात्र होता तसाच. चहा हिंदकळून टेबलावर सांडला. तिने वेड्यासारखी सेटिंग परत उघडून पाहिली. बटण चालूच होतं. मग तिची नजर बाबांच्या हातावर गेली. बाबा दातांचे डॉक्टर. हात इतका हलका, की दात निघाला तरी पेशंट आ वासून वाटच बघत बसायचा. तोच हा हात. आणि ती इतके दिवस लॅपटॉपला दोष देत होती.

"आता दिसतोय का नीट?" बाबांनी विचारलं.

तिने नुसती मान हलवली.

आईने कप त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"दिसलंच आहे तर सांगून टाका," आई म्हणाली. "दवाखाना बंद केलाय, तेही सांगा."

बाबांनी हात टेबलाखाली घेतला. सांडलेला चहा आई फडक्याने पुसत होती, तिकडे ते बघत होते.

"ठमे," ते हळूच म्हणाले, "ते बटण परत बंद करता येतं का गं?"