नलिनीची पाळी

काशीरामने रुमालात गुंडाळलेली बायकोची, नलिनीची फ्लॉपी काढून समीक्षाताईंच्या हातात दिली. तीस वर्षांपूर्वी पार्ल्याच्या क्लासात त्या नलिनीला प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. नलिनी जाऊन सात महिने झाले होते.

"कांदिवलीत एकाला दाखवली. तिच्या प्रोग्रॅममध्ये चौतीस चुका आहेत म्हणाला."

"नव्या कंपायलरवर टाकली असेल त्याने. चूक नलिनीची नाही. तिने लिहिलंय ते वाचून चालवायला तेव्हाचाच कंपायलर लागतो, जुन्या डॉसवरचा."

क्लासातून आली की नलिनी म्हणायची, एकदा बसा माझ्या शेजारी, गंमत दाखवते. आणि काशीराम म्हणायचा, तुझ्या खेळाला वेळ कुणाकडे आहे?

समीक्षाताईंनी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवून ठेवला होता. कंपायलरच्या चार फ्लॉप्या होत्या. तिसरी वाचेना. त्या ती काढत राहिल्या, पुन्हा घालत राहिल्या. पाचव्या खेपेला ती वाचली गेली.

थोड्या वेळाने काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं. गणपतीची पाळी. वर्ष टाका.

काशीरामला हसू आलं. गावच्या घरचा गणपती चार भावांत पाळीने होता आणि यंदा पाळी त्याची होती. कालच त्याने थोरल्या भावाला, तुळशीदासला कळवलं होतं, माझ्याने होणार नाही, तू घे.

त्याने एका बोटाने २०२६ टाकलं.

यंदाची पाळी, नलिनी.

"नाव चुकलंय," तो म्हणाला. "माझं हवं."

समीक्षाताईंनी पुढची वर्षं टाकली. मंजुळा. राधा. रुक्मिणी. मग पुन्हा नलिनी.

"कोण या?"

"आमच्या वहिन्या."

भावांपैकी एकाचंही नाव आलं नाही. पाळीच्या वर्षी काशीराम ओटीवर पत्ते खेळत बसायचा. आतून मोदकांची ताटं भरून यायची.

त्याने तिथूनच फोन लावला.

"दादा, पाळी दुसऱ्या कोणाक देव नको."

"मेल्या, काल तर नाय म्हणालस. एकट्याक जमतला तुका?"

"मंजुळावयनीक फोन दी. उकड कशी काढतत, ता इचारूचा हा."

पलीकडे तुळशीदासने मंजुळाला हाक मारली. समीक्षाताईंनी कागद आणि पेन काशीरामपुढे सरकवलं.