सरकणारा ठिपका

उजवा डोळा तळहाताने झाकून ती स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बघत उभी होती. भिंतीवरच्या फरशांमधली रेघ डाव्या डोळ्याला सरळ दिसेना. मध्यावर येऊन ती वाकत होती आणि नेमका तिथेच एक राखाडी ठिपका ठाण मांडून बसला होता. तिने डोळा बदलला. रेघ सरळ. परत बदलला. वाकडी.

"काय गं, भिंतीला डोळा मारतेस?" नवरा दारातून म्हणाला. "आम्ही काय घोडं मारलंय?"

"कचरा गेलाय."

"काल संध्याकाळपासून? कचरा आहे की भाडेकरू?"

एरवी ती हसली असती. आज गॅसवरचं दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही. त्यानेच पुढे होऊन गॅस बंद केला.

"डॉक्टरला दाखव. आजच्या आज."

"शुक्रवारनंतर."

"डोळा काय शुक्रवारची वाट बघत बसणार आहे?"

तिने डबा पिशवीत कोंबला आणि चपला घातल्या.

शुक्रवारी प्रयोगशाळेतला लेसर पलीकडच्या संशोधक गटाकडे जाणार होता. हातात उरले होते तीन दिवस. आठ महिने खपून तिने काचेच्या तुकड्यावर सोन्याच्या त्रिकोणांच्या जोड्या घडवल्या होत्या, टोकाला टोक भिडवून, मधे एवढीशी फट ठेवून. केसाच्या जाडीत तसल्या चारेक हजार फटी मावतील. लेसरचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा एक ठोका, त्या फटीत कोंडला, की एरवी प्रकाशाला न साधणारं बारीक कोरीवकाम करता येईल, असा तिचा हिशेब होता. हा स्पंद टिकतो किती? सेकंदाचे हजार अब्ज तुकडे करा आणि त्यातल्या एका तुकड्याचा दहावा भाग घ्या. आणि हा झोत डोळ्यांना दिसत नाही, ही त्यातली खरी गोम. तो कुठे पडतोय ते बघायला एक खास कार्ड असतं. झोत पडला की त्यावर ठिपका चमकतो. पण संरक्षक चष्म्यातून तो ठिपका मंद दिसतो. म्हणून या धंद्यातले भले भले लोक काय करतात, तर क्षणभर चष्मा कपाळावर चढवतात. दिसत नाही म्हणून डोळे उघडे टाकायचे! बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो वेड्यात काढेल. आत सगळे तेच करतात.

काल दुपारी तिनेही तेच केलं होतं. एका स्क्रूचं चकचकीत डोकं मधे आलं, झोत त्यावरून उसळला, डाव्या डोळ्यात काहीतरी टचकन वाजलं, आणि झालं.

सांगितलं तर खोलीला टाळं लागणार. चौकशी, समिती, दोन महिने तरी गेलेच. तिचा करार याच निकालांवर वाढायचा होता. बसमध्ये ती समोरच्या खिडकीची चौकट, पाट्यांच्या कडा, कंडक्टरच्या शर्टावरचे पट्टे एकेका डोळ्याने तपासत राहिली. शेजारची बाई जरा सरकून बसली.

प्रयोगशाळेत तिने चावी फिरवली, लेसर गरम होऊ दिला, चष्मा लावला. कार्ड धरलं. ठिपका सापडेना. हात सवयीने कपाळाकडे गेला आणि तिथेच थबकला. तिने कार्ड टेबलावर ठेवून दिलं.

"काय झालं?" गटाचे प्रमुख, सर, आत आले होते. डोक्यावर पांढरे केस, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, आणि सगळ्या इमारतीत त्यांच्या हाताइतका स्थिर हात नाही अशी ख्याती. "सापडला का ठिपका? तुझी नजर घारीची. तुला नाही सापडला तर कोणाला सापडणार?"

"सर, काल मला लागलं. डाव्या डोळ्याला."

सर खुर्चीवर बसले.

"रेघ वाकडी दिसते?"

"हो."

"ठिपका राखाडी. नजर नेशील तिकडे सरकतो. सकाळी जाग आली की आधी छतावर दिसतो."

"हो, पण..." ती थांबली. छताचं तिने कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. "तुम्हाला कसं माहीत?"

"वाचलंय कुठेतरी."

"छताचं कुठे वाचायला मिळतं, सर?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. तो स्वच्छच होता.

"उजवा," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली. तेव्हा सांगितलं असतं तर तिघांचे प्रबंध अडकले असते. म्हटलं, एक डोळा आहे की शाबूत. होते सवय. तुलाही होईल."

ती पाच वर्षांपूर्वी इथे रुजू झाली होती. पहिल्याच दिवशी सरांनी तिच्या हातात कार्ड दिलं होतं. "ठिपका तू शोध, तुझी नजर चांगली." त्या दिवशी घरी जाऊन तिने हे सगळ्यांना चार-चारदा सांगितलं होतं, आणि पाच वर्षं या कौतुकाने ती अंगावर मूठभर मांस चढवून फिरत होती. ठिपका मंद दिसतोय म्हटल्यावर, "अगं, वर कर चष्मा, पटकन बघ, काही होत नाही," हेही त्यांनीच शिकवलं होतं. स्वतःचा एक डोळा गमावून बसल्यावर शिकवलं होतं.

तिला वाटलं होतं रडू येईल. आला तो संताप. पायापासून मस्तकापर्यंत.

"काही होत नाही म्हणाला होतात."

"चुकलं माझं." आवाज इतका बारीक की यंत्राच्या घरघरीत तो जेमतेम ऐकू आला. "शुक्रवारपर्यंत थांब. तुझ्यासाठीच म्हणतोय. सोमवारी मी स्वतः तुला डॉक्टरकडे नेतो."

तिने चावी उलटी फिरवली. घरघर थांबली. मग कपाटावरून अपघात नोंदवही काढून धूळ झटकली. दोनशे पानांत एकही ओळ लिहिलेली नव्हती. दर तपासणीला सर ती कोरी वही अभिमानाने पुढे करत. ती उभ्याउभ्याच लिहू लागली. तारीख, वेळ, डावा डोळा, चष्मा कपाळावर होता. अक्षरं रेघ सोडून वरखाली जात होती. तिने डावा डोळा मिटला आणि उरलेलं पुरं केलं.

वही तिने सरांसमोर ठेवली. त्यांनी पान वाचलं.

"पहिली ओळ का सोडलीस?"

"नोंदी तारखेप्रमाणे लागतात, सर."

सरांच्याच खिशातलं एक पेन काढून तिने वहीवर ठेवलं. डॉक्टर दुपारी एक वाजेपर्यंतच असतात. तिने पिशवी उचलली.